गुरुजी व्हायचे, पण कोणत्या नियमाने?

शिक्षक होण्यासाठी काय शिकावे लागते, या साध्या प्रश्नाचे उत्तर महाराष्ट्रात गेल्या पंचवीस वर्षांत अनेकदा बदलले. बारावीनंतर दोन वर्षांचे डी.एड. केले की जिल्हा परिषदेच्या शाळेत नोकरी, हे समीकरण या शतकाच्या आरंभी घरोघरी पाठ होते. आज त्या डी.एड.चे नाव बदलले आहे, त्यापुढे पात्रता परीक्षा आली आहे, तिच्यापुढे अभियोग्यता चाचणी आली आहे आणि या सगळ्यांतून पार पडलेल्याला शासनाच्या संकेतस्थळावर शाळांचे प्राधान्यक्रम भरून यादीची वाट पाहावी लागते. १ सप्टेंबर २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने दिलेल्या निकालानंतर तर वीस-वीस वर्षे फळ्यापुढे उभ्या असलेल्या शिक्षकांवरही परीक्षेचा अर्ज भरण्याची वेळ आली.

शिक्षकाची अर्हता वाढू नये, असे कोणी म्हणत नाही. उमेदवारांचे गाऱ्हाणे निराळे आहे. नियम बदलतो तेव्हा ते अर्ध्या वाटेवर असतात. अभ्यासक्रमाला प्रवेश एका नियमाने मिळतो, पदविका हाती पडते ती दुसरा नियम लागू झाल्यावर आणि नेमणुकीची यादी लागेपर्यंत तिसरा नियम आलेला असतो. हे बदल कोणी, केव्हा आणि कशासाठी केले, हे समजून घेतल्याशिवाय या वैतागाचा उलगडा होत नाही.

पदविकेचा सुकाळ

जुन्या पिढीतील प्राथमिक शिक्षक सातवीची व्हर्नाक्युलर फायनल उत्तीर्ण होऊन नोकरीला लागत आणि ट्रेनिंगला पुढे सवडीने जात. ‘आधी नोकरी, मग प्रशिक्षण’ ही पद्धत हळूहळू उलटी झाली. खासगी शाळांतील नेमणुकांसाठी १९७७ चा सेवाशर्ती विनियमन अधिनियम आणि त्याखालील १९८१ ची नियमावली आली. तिच्या अनुसूचीत कोणत्या वर्गाला शिकविण्यासाठी कोणती पदवी वा पदविका लागते, हे नमूद करण्यात आले. राज्याचा कायदा आणि राज्याचेच शिक्षण खाते, असा तो सरळ कारभार होता.

तो पुढे सरळ राहिला नाही. संसदेने १९९३ मध्ये राष्ट्रीय अध्यापक शिक्षण परिषदेचा कायदा केला आणि १९९५ मध्ये परिषद वैधानिक स्वरूपात अस्तित्वात आली. डी.एड. व बी.एड. महाविद्यालयांना मान्यता देण्याचा अधिकार तिच्याकडे गेला. मान्यता देणारे एक आणि नोकरी देणारे दुसरे, अशी ही विभागणी होती. पुढच्या बहुतेक गुंत्याचे मूळ तिच्यात आहे. राज्यात प्रशिक्षित उमेदवार गरजेपेक्षा अधिक झाले आहेत, आता नवी महाविद्यालये नकोत, अशी भूमिका राज्य शासनाने घेतली. पण संत ज्ञानेश्वर शिक्षणशास्त्र महाविद्यालयाच्या प्रकरणात २००६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने निर्णय दिला, की केंद्रीय कायद्यानुसार परिषदेने मान्यता दिलेल्या महाविद्यालयाला राज्य आपल्या धोरणाच्या आधारे अडवू शकत नाही. म्हणजे महाविद्यालये किती असावीत, हे राज्याच्या हाती राहिले नाही आणि त्यांतून बाहेर पडणाऱ्यांना नोकरी देण्याची अपेक्षा मात्र राज्याकडूनच राहिली.

विनाअनुदानित डी.एड. महाविद्यालयांचे पीक जोमात आले. राज्यातील अशा महाविद्यालयांच्या मान्यतेचा वाद २०११ मध्ये पुन्हा सर्वोच्च न्यायालयात गेला, तेव्हा न्यायालयाने माजी सरन्यायाधीश जे. एस. वर्मा यांच्या अध्यक्षतेखाली आयोग नेमला. ऑगस्ट २०१२ मध्ये सादर झालेल्या या आयोगाच्या अहवालाने देशातील एकूणच शिक्षक-प्रशिक्षणाच्या दर्जावर कठोर ताशेरे ओढले आणि अभ्यासक्रमांचा कालावधी वाढविण्याची शिफारस केली. महाराष्ट्रातील काही महाविद्यालयांच्या भांडणातून निघालेल्या या आयोगामुळे पुढे साऱ्या देशातील बी.एड. एका वर्षाचे दोन वर्षांचे झाले, ही गोष्ट फारशी कोणाच्या लक्षात राहिलेली नाही. २०१४ च्या नियमावलीने हा बदल केला आणि २०१५-१६ च्या शैक्षणिक वर्षापासून तो अमलात आला. २०१४ मध्ये प्रवेश घेतलेला पदवीधर एका वर्षात बी.एड. झाला. त्याच्या मागच्या वर्षीच्या मित्राला तीच पदवी दोन वर्षांनी मिळाली. शुल्कही दोन वर्षांचे भरावे लागले. भरतीत दोघांच्या पदवीचे मोल एकच.

२३ ऑगस्ट २०१०

बालकांचा मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा हक्क देणारा २००९ चा कायदा १ एप्रिल २०१० पासून लागू झाला. त्याच्या कलम २३ ने पहिली ते आठवीच्या शिक्षकांची किमान अर्हता ठरविण्याचा अधिकार केंद्राने प्राधिकृत केलेल्या संस्थेला दिला आणि केंद्राने त्यासाठी अध्यापक शिक्षण परिषदेचीच निवड केली. परिषदेने २३ ऑगस्ट २०१० रोजी अधिसूचना काढली. पहिली ते पाचवीसाठी बारावीला किमान ५० टक्के गुण आणि दोन वर्षांची पदविका, सहावी ते आठवीसाठी पदवी आणि पदविका किंवा बी.एड., असे तिचे ढोबळ स्वरूप होते. आरक्षित प्रवर्गांना गुणांत सवलत होती. या सर्वांच्या जोडीला शिक्षक पात्रता परीक्षा, म्हणजे टीईटी, उत्तीर्ण होणे बंधनकारक झाले.

परीक्षेचा आराखडा फेब्रुवारी २०११ मध्ये ठरला. पहिला पेपर पहिली ते पाचवीसाठी आणि दुसरा सहावी ते आठवीसाठी. प्रत्येकी १५० गुण, अडीच तासांचा वेळ, उत्तीर्ण होण्यासाठी ६० टक्के. चुकीच्या उत्तराला गुण वजा होत नाहीत. पहिल्या पेपरात बालमानसशास्त्र व अध्यापनशास्त्र, दोन भाषा, गणित आणि परिसर अभ्यास यांना प्रत्येकी ३० गुण असतात. वाचताना ही परीक्षा अवघड वाटत नाही. प्रत्यक्षात राज्याच्या टीईटीचा निकाल बहुतेक वेळा एक अंकी टक्क्यांत राहिला आहे. पदविका देणारी यंत्रणा ज्यांना प्रशिक्षित ठरविते, त्यांतील बहुसंख्यांना पात्रता तपासणारी यंत्रणा नापास करते. या दोहोंपैकी कोणाचे तरी मोजमाप चुकत असले पाहिजे. मात्र त्याची किंमत दोन्ही ठिकाणी शुल्क भरणारा उमेदवारच चुकवितो.

केंद्राची पहिली टीईटी जून २०११ मध्ये झाली. महाराष्ट्राने १३ फेब्रुवारी २०१३ च्या शासन निर्णयाने टीईटी सक्तीची केली आणि राज्याची पहिली परीक्षा महाराष्ट्र राज्य परीक्षा परिषदेने १५ डिसेंबर २०१३ रोजी घेतली. वर्षातून किमान एकदा परीक्षा व्हावी, असे केंद्रीय मार्गदर्शक सूचनांत म्हटले होते. तो नेम राज्याला पाळता आला नाही. जानेवारी २०२० नंतरची परीक्षा नोव्हेंबर २०२१ मध्ये झाली आणि त्यानंतरची थेट नोव्हेंबर २०२४ मध्ये. मधली तीन वर्षे ज्यांची पदविका वा पदवी पूर्ण झाली, त्यांना राज्याची पात्रता मिळविण्याची संधीच नव्हती. केंद्राची परीक्षा हा पर्याय होता. पण ती देण्यासाठी मराठी माध्यमातील उमेदवाराला प्रश्नपत्रिका इंग्रजी वा हिंदीतून सोडवावी लागते.

एका पदविकेची बारा वर्षे

तारखांची ही साखळी एखाद्याच्या आयुष्यावर ठेवून पाहिली, की तिचा अर्थ कळतो. समजा, एका मुलीने २०१० मध्ये बारावी उत्तीर्ण होऊन डी.एड.ला प्रवेश घेतला. त्याच वर्षी २ मे रोजी राज्याने शिक्षणसेवकांच्या भरतीसाठी प्रवेश परीक्षा घेतली होती. भरती चालू आहे, असाच समज घराघरात होता. तिच्या प्रवेशाच्याच हंगामात, ऑगस्टमध्ये, टीईटीची अधिसूचना निघाली. दिल्लीच्या त्या राजपत्राची वार्ता तिच्या महाविद्यालयापर्यंत पोचायला बहुधा वेळ लागला असेल.

ती दुसऱ्या वर्षाला असताना, ऑक्टोबर २०११ मध्ये राज्यभर पटपडताळणी झाली. शाळांच्या पटावरील विद्यार्थी प्रत्यक्ष वर्गात आहेत की नाहीत, हे एकाच वेळी मोजण्याची ती मोहीम होती. अनेक शाळांत पटावरची संख्या आणि बाकावरची संख्या जुळली नाही. विद्यार्थी कमी म्हणजे शिक्षक अतिरिक्त. अतिरिक्त शिक्षकांचे समायोजन होईपर्यंत नवी भरती नको, या कारणाने २ मे २०१२ रोजी भरतीवर बंदी आली. आपल्या मुलीची पदविका नेमकी त्याच उन्हाळ्यात पूर्ण झाली.

डिसेंबर २०१३ मध्ये तिने टीईटी दिली आणि ती उत्तीर्ण झाली, असे धरू. प्रमाणपत्राची मुदत सात वर्षांची. भरती मात्र बंदच. दरम्यान तिने यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठातून पदवी घेतली, एखाद्या इंग्रजी शाळेत मिळेल त्या पगारावर शिकविले. जून २०१७ मध्ये शासनाने ‘पवित्र’ या संगणकीय प्रणालीतून शिक्षक भरती करण्याचे ठरविले आणि त्यासाठी अभियोग्यता व बुद्धिमत्ता चाचणी आणली. टीईटी ही पात्रता ठरली, तर गुणवत्ता यादीसाठी ही दुसरी परीक्षा. २०० गुणांची, दोन तासांची. त्यांपैकी १२० गुण अभियोग्यतेचे आणि ८० बुद्धिमत्तेचे. वर्गात काय शिकवायचे आणि कसे, याच्याशी तिचा संबंध अगदी बेताचा. बँकेच्या परीक्षेची तयारी करणाऱ्याला ती ओळखीची वाटते.

ही चाचणी डिसेंबर २०१७ मध्ये झाली. पदांची जाहिरात २०१९ मध्ये आली आणि निवडीची पहिली यादी ऑगस्ट २०१९ मध्ये लागली. मुलाखतीसह भरावयाच्या जागांचे काम रखडले. मग करोना आला आणि ४ मे २०२० च्या वित्त विभागाच्या निर्णयाने नव्या भरतीला पुन्हा लगाम बसला. जून २०२१ मध्ये केंद्राने टीईटी प्रमाणपत्राची वैधता आजीवन केली आणि ती २०११ पासून पूर्वलक्षी प्रभावाने लागू केली. इतक्या वर्षांत उमेदवाराच्या बाजूने झालेला हा बहुधा एकमेव मोठा बदल.

दुसरी अभियोग्यता चाचणी फेब्रुवारी-मार्च २०२३ मध्ये झाली. दोन लाखांहून अधिक उमेदवार तिला बसले. फेब्रुवारी २०२४ मध्ये जागा जाहीर झाल्या आणि त्याच महिन्यात निवड यादी लागली. तीत आपल्या मुलीचे नाव आले असे मानले, तरी पदविका आणि नेमणूक यांत बारा वर्षे गेली. ती आता बत्तिशीत आहे, आणि तीन वर्षे शिक्षणसेवक म्हणून मानधनावर काम केल्यानंतरच तिला नियमित वेतनश्रेणी मिळणार. नाव आले नसते, तर पुढची चाचणी २०२५ च्या मे-जूनमध्ये होती. शासकीय सेवेची सर्वसाधारण वयोमर्यादा खुल्या प्रवर्गासाठी ३८ आणि मागासवर्गीयांसाठी ४३ वर्षे आहे. भरतीला पाच-सहा वर्षांनी एकदा मुहूर्त लागत असेल, तर एका उमेदवाराच्या वाट्याला अशा किती संधी येतात, याचा हिशेब बोटांवर होतो.

मानधनाविषयी थोडे सांगितले पाहिजे. शिक्षणसेवक योजना २००० मध्ये सुरू झाली, तेव्हा प्राथमिक शिक्षणसेवकाला महिना ३ हजार, माध्यमिकला ४ हजार आणि कनिष्ठ महाविद्यालयात ५ हजार रुपये मिळत. पुढे ते अनुक्रमे ६, ८ आणि ९ हजार झाले आणि बरीच वर्षे तेथेच थांबले. १ जानेवारी २०२३ पासून ते १६, १८ आणि २० हजार करण्यात आले. त्याच वर्षी जुलैमध्ये रिक्त जागांवर तात्पुरत्या स्वरूपात निवृत्त शिक्षकांना महिना २० हजार रुपये मानधनावर घेण्याचा निर्णय झाला. वयाची कमाल मर्यादा ७० वर्षे. दोन परीक्षा उत्तीर्ण झालेल्या नव्या प्राथमिक शिक्षकाला १६ हजार आणि निवृत्तिवेतन घेणाऱ्या ज्येष्ठाला २० हजार, हा हिशेब बेरोजगार पदविकाधारकांच्या जिव्हारी लागला, यात नवल नाही.

बी.एड.साठी उघडलेले आणि मिटलेले दार

पहिली ते पाचवीला बी.एड. झालेल्याने शिकवावे की नाही, या एकाच प्रश्नावर परिषदेने किती वेळा भूमिका बदलली, हे पाहण्याजोगे आहे. २०१० च्या अधिसूचनेत बी.एड. पदवीधरांना प्राथमिक वर्गांवर १ जानेवारी २०१२ पर्यंत घेण्याची मुभा होती. नेमणुकीनंतर सहा महिन्यांचे विशेष प्रशिक्षण घ्यायचे होते. मुदत संपल्यावर दार मिटले. २८ जून २०१८ रोजी नवी अधिसूचना काढून परिषदेने ते पुन्हा उघडले. या वेळी नेमणुकीनंतर दोन वर्षांच्या आत सहा महिन्यांचा सेतू अभ्यासक्रम करण्याची अट होती. देशभरातील बी.एड.धारक टीईटीच्या पहिल्या पेपरची तयारी करू लागले आणि पदविकाधारक अस्वस्थ झाले. त्यांच्यासाठी असलेल्या एकमेव जागेवर आता पदवीधर स्पर्धक आला होता.

राजस्थान उच्च न्यायालयाने नोव्हेंबर २०२१ मध्ये ही अधिसूचना रद्द ठरविली. सर्वोच्च न्यायालयात न्या. अनिरुद्ध बोस आणि न्या. सुधांशू धुलिया यांच्या पीठाने ११ ऑगस्ट २०२३ रोजी तो निर्णय कायम केला. लहान मुलांना शिकविण्याचे शास्त्र वेगळे असते, त्याचे प्रशिक्षण पदविकेत मिळते, बी.एड.मध्ये नाही, असे न्यायालयाचे म्हणणे. तत्त्व म्हणून त्यावर आक्षेप घेता येत नाही. परंतु पाच वर्षे परिषदेच्या शब्दावर विसंबून ज्यांनी परीक्षा दिल्या आणि जे नोकरीला लागले, त्यांचे काय? ८ एप्रिल २०२४ रोजी न्यायालयाने स्पष्ट केले, की निकाल पुढील काळासाठी आहे. त्यापूर्वी रीतसर नेमणूक झालेल्यांची नोकरी राहील आणि त्यांच्यासाठी सेतू अभ्यासक्रम आखावा. परीक्षा उत्तीर्ण झालेल्या, पण नेमणुकीच्या रांगेत मागे राहिलेल्या बी.एड.धारकांच्या हाती पहिल्या पेपरचे प्रमाणपत्र उरले. ते आजीवन वैध आहे.

प्रत्येक घोटाळ्यामागे नवी चाळणी

नियम बदलण्यामागे निव्वळ लहर असते, असे म्हणणे अन्यायाचे होईल. बहुतेक चाळण्यांमागे एखादा गैरव्यवहार उभा आहे. खासगी अनुदानित संस्थांत शिक्षकपदासाठी मोजावे लागणारे ‘डोनेशन’ हे महाराष्ट्रातील उघड गुपित होते. पगार शासनाचा आणि नेमणूक संस्थाचालकाची. ‘पवित्र’ प्रणाली त्यावर उतारा म्हणून आली. ज्या संस्थांनी मुलाखतीचा पर्याय घेतला, त्यांच्याकडे सुरुवातीला एका जागेसाठी दहा उमेदवार पाठविण्याची तरतूद होती, पुढे ती तीनवर आली. उमेदवार जितके कमी, तितका घासाघिशीला वाव कमी, असा त्यामागचा विचार.

टीईटीलाही कीड लागली. डिसेंबर २०२१ मध्ये पुणे पोलिसांनी परीक्षेतील गैरप्रकार उघडकीस आणले आणि राज्य परीक्षा परिषदेच्या आयुक्तांनाच अटक झाली. जानेवारी २०२० मध्ये झालेल्या परीक्षेत ७ हजार ८७४ उमेदवारांनी गैरमार्ग अवलंबल्याचे परिषदेने २०२२ मध्ये जाहीर केले आणि त्यांच्यावर कारवाई केली. त्यानंतर नोकरीत असलेल्या शिक्षकांची प्रमाणपत्रे पुन्हा तपासण्यात आली. ज्यांनी रात्र रात्र जागून ६० टक्के मिळविले, त्यांनाही प्रमाणपत्र खरे असल्याचा पुरावा घेऊन कार्यालयात जावे लागले. पुढची परीक्षा तीन वर्षे लांबली, ती याच पार्श्वभूमीवर. चोरी आयुक्तालयात होते आणि झडती उमेदवाराची घेतली जाते, ही भावना तेव्हापासून पुसली गेलेली नाही.

सध्या कोणाला काय लागते

पहिली ते पाचवीसाठी बारावीला ५० टक्के, दोन वर्षांची डी.एल.एड. पदविका, म्हणजेच पूर्वीचे डी.एड., आणि टीईटीचा पहिला पेपर. सहावी ते आठवीसाठी पदवी, पदविका किंवा बी.एड. आणि संबंधित विषयगटाचा दुसरा पेपर. नववी-दहावीसाठी पदवी व बी.एड., अकरावी-बारावीसाठी पदव्युत्तर पदवी व बी.एड.; या दोन्ही गटांना टीईटीची अट नाही. केंद्राची टीईटीही राज्यात ग्राह्य धरली जाते. अनुदानित आणि स्थानिक स्वराज्य संस्थांच्या शाळांत ‘पवित्र’मधून निवड व्हायची, तर वरील प्रत्येक गटाला अभियोग्यता चाचणी द्यावी लागते.

येत्या काही वर्षांत यातही फेरफार होणार आहेत. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने २०३० पर्यंत चार वर्षांचे एकात्मिक बी.एड. ही शिक्षकाची किमान पदवी असावी, असे म्हटले आहे. बारावीनंतर थेट प्रवेश देणारा हा अभ्यासक्रम २०२३-२४ पासून निवडक संस्थांत प्रायोगिक स्वरूपात सुरू झाला. फेब्रुवारी २०२५ मध्ये परिषदेने नव्या नियमावलीचा मसुदा प्रसिद्ध केला. चार वर्षांची पदवी किंवा पदव्युत्तर पदवी घेतलेल्यांसाठी एका वर्षाचे बी.एड. पुन्हा आणण्याचा त्यात प्रस्ताव आहे. दर्जा सुधारण्यासाठी दोन वर्षांचे केलेले बी.एड. दहा वर्षांनी काहींसाठी पुन्हा एका वर्षाचे होऊ घातले आहे. धोरणाच्या भाषेत याचे समर्थन करता येते, कारण आता पदवीच चार वर्षांची होत आहे. मधल्या दशकात दोन वर्षे घालविलेल्या पदव्युत्तर पदवीधराला मात्र ते पटविणे कठीण आहे.

सेवेतल्यांची परीक्षा

आतापर्यंतचा त्रास दाराबाहेर उभ्या असलेल्यांचा होता. १ सप्टेंबर २०२५ रोजी तो आतल्यांपर्यंत पोचला. न्या. दीपांकर दत्ता आणि न्या. मनमोहन यांच्या पीठापुढील या प्रकरणातील एक पक्ष महाराष्ट्रातील अंजुमन इशात-ए-तालीम ट्रस्ट आणि दुसरा महाराष्ट्र शासन होता. तामिळनाडूतील याचिकाही जोडीला होत्या. शिक्षण हक्क कायद्यापूर्वी नेमलेल्या शिक्षकांनाही टीईटी लागू आहे, असे न्यायालयाने म्हटले. ज्यांच्या निवृत्तीला पाच वर्षांहून अधिक काळ आहे, त्यांनी निकालापासून दोन वर्षांत ती उत्तीर्ण व्हावी, अन्यथा नोकरी सोडावी किंवा सक्तीची निवृत्ती पत्करावी. निवृत्तीचे लाभ नियमानुसार मिळतील. पाच वर्षांहून कमी सेवा उरलेल्यांना घटनेच्या १४२ व्या अनुच्छेदाचा आधार घेऊन न्यायालयाने सूट दिली, पण टीईटीविना त्यांना पदोन्नती मिळणार नाही.

शिक्षकांचा संताप समजण्यासाठी पुन्हा २३ ऑगस्ट २०१० च्या कागदाकडे जावे लागते. त्या अधिसूचनेतच म्हटले होते, की त्या तारखेपूर्वी नियमानुसार नेमलेल्या शिक्षकांना नवी किमान अर्हता मिळविण्याची गरज नाही. पंधरा वर्षे शिक्षक या वाक्याच्या भरवशावर होते. न्यायालयाने मात्र अधिसूचनेपेक्षा कायद्याच्या कलमाला आणि त्यात २०१७ मध्ये झालेल्या दुरुस्तीला महत्त्व दिले. अर्हता नसलेल्या सेवेतील शिक्षकांनी ती ३१ मार्च २०१९ पर्यंत मिळवावी, असे ती दुरुस्ती सांगते. कायद्याच्या दृष्टीने हा युक्तिवाद भक्कम असेलही. पण ती मुदत संपली तेव्हा जुन्या शिक्षकांना परीक्षा देण्यास कोणी सांगितले नव्हते, ना परिषदेने, ना राज्याच्या शिक्षण खात्याने.

नोव्हेंबर २०२५ मध्ये राज्याची टीईटी झाली, तेव्हा सेवेतील शिक्षकही परीक्षा केंद्रांवर दिसले. दिवसा वर्ग, निवडणुकीची व सर्वेक्षणाची कामे, ऑनलाइन माहिती भरणे आणि रात्री बालमानसशास्त्राची प्रश्नपेढी, असा त्यांचा दिनक्रम झाला. बारावी आणि डी.एड. या अर्हतेवर नव्वदच्या दशकात लागलेल्या, पुढे सहावी-सातवीचे वर्ग सांभाळणाऱ्या शिक्षकाने कोणता पेपर द्यावा, हा प्रश्नही लहान नाही. शिक्षक संघटनांनी फेरविचार याचिका आणि कायद्यात दुरुस्ती, अशा दोन्ही मागण्या लावून धरल्या.

याच निकालाने एक प्रश्न पुढे ढकलला. शिक्षण हक्क कायदा अल्पसंख्याकांच्या शाळांना लागू नाही, असे घटनापीठाने २०१४ मध्ये ‘प्रमती’ प्रकरणात ठरविले होते. त्या निर्णयाच्या योग्यतेबद्दल पीठाने शंका व्यक्त केली आणि तो विषय मोठ्या पीठापुढे ठेवावा म्हणून सरन्यायाधीशांकडे पाठविला. त्याचा निकाल लागेपर्यंत अल्पसंख्याक संस्थांतील शिक्षकांना टीईटीची ही सक्ती नाही. बाकीच्यांची दोन वर्षांची मुदत मात्र १ सप्टेंबर २०२५ पासूनच मोजली जात आहे.